अमेरिकन लॉ स्कूलमधलं ऑनर्स: रँक, जीपीए आणि कटऑफ नक्की कसे लागतात?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. पुतणीला येत्या ऑगस्टपासून अमेरिकेत जेडी (तिकडची तीन वर्षांची कायद्याची पदवी) करायची आहे. हातात तीन प्रवेशपत्रं आहेत: कोलंबिया, शिकागो आणि एक मध्यम क्रमवारीतलं स्टेट स्कूल. या तिसऱ्यानं मोठी शिष्यवृत्ती देऊ केली आहे, पण अट अशी की पहिल्या वर्षानंतर वर्गात वरच्या एक तृतीयांशात राहिलं पाहिजे.

आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, विद्यापीठात पहिला तो सुवर्णपदकाचा मानकरी, इतकं सरळ असतं. तिकडे मात्र केंट स्कॉलर, स्टोन स्कॉलर, कॉइफ, मॅग्ना कम लाउडे असं बरंच काय काय वाचायला मिळतं, आणि प्रत्येक ठिकाणचे आकडे वेगळे. माझे प्रश्न असे: कटऑफ आधीच ठरलेला असतो की निकालानंतर ठरतो? कोणते विषय धरतात, कोणते सोडतात? रँक न देणाऱ्या ठिकाणी ऑनर्स कसं ठरतं? आणि त्या शिष्यवृत्तीच्या अटीला किती घाबरायचं?

कलम_बहाद्दर

पहिली गोष्ट म्हणजे टक्केवारी विसरा. तिकडच्या जेडीत, विशेषतः पहिल्या वर्षी, सगळं कर्व्हवर चालतं. बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटी एकच तीन-चार तासांची परीक्षा. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, फक्त क्रमांक. प्राध्यापकानं श्रेणी कशा वाटायच्या याचं बंधन स्कूलनं घातलेलं असतं: सरासरी किंवा मध्यक अमुकच आला पाहिजे, नाहीतर अमुक टक्क्यांनाच वरची श्रेणी. म्हणजे उत्तर चांगलं असून भागत नाही, शेजारच्यापेक्षा चांगलं लागतं.

ऑनर्सचे कटऑफ दोन जातींचे. एक स्थिर आकडा: अमुक जीपीए (श्रेणींची क्रेडिटनुसार सरासरी) गाठला की मान मिळाला, मग कितीही जण गाठोत. दुसरा टक्केवारीचा: वरचे १० टक्के, २५ टक्के वगैरे. यात जीपीएचा आकडा दर वर्षी निकाल लागल्यावरच कळतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कोलंबिया आणि शिकागो दोन्ही पहिल्या जातीतले.

कोलंबिया. रँक देत नाहीत. दर वर्षाच्या शेवटी दोन मान: जेम्स केंट स्कॉलरसाठी त्या वर्षात ३.८० किंवा जास्त, हार्लन फिस्क स्टोन स्कॉलरसाठी ३.४१ किंवा जास्त. त्या वर्षात श्रेणी मिळालेली किमान १५ क्रेडिट्स हवीत. हा मान त्या वर्षापुरता असतो. पहिल्या वर्षी स्टोन, दुसऱ्या वर्षी काही नाही, तिसऱ्या वर्षी केंट असंही होऊ शकतं. रिझ्युमेवर तिन्ही वर्षं वेगळी दिसतात.

शिकागो. यांचं खातं निराळंच. श्रेणी १५५ ते १८६ अशा आकड्यांत. १८० पासून वर ए, १७४ ते १७९ बी, १६८ ते १७३ सी. मध्यक १७७. पदवीच्या वेळी एकूण सरासरी १७९ असेल तर ऑनर्स, १८०.५ असेल तर हाय ऑनर्स, १८२ असेल तर हायेस्ट ऑनर्स. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, मध्यकापासून दोनच गुणांचं तर अंतर आहे! पण ही तीन वर्षांची सरासरी आहे. एका विषयातला १७७ भरून काढायला तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या विषयात १८१ लागतो. कुठे १७४ पडला तर पाच विषयांत १८० मिळवावे लागतात. आणि प्रत्येक विषयात ए-ची अगदी पहिली पायरी, म्हणजे १८० मिळवत गेलं, तरी हाय ऑनर्स हुकतं. याशिवाय पहिल्या वर्षाअखेर वरच्या ५ टक्क्यांना कर्कलँड अँड एलिस स्कॉलर म्हणतात. तो टक्केवारीचा मान.

तुलनेसाठी इतर काही. एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) टक्केवारीवर चालतं: दोन सत्रांनंतर पहिले दहा विद्यार्थी पोमरॉय स्कॉलर, चार सत्रांनंतर पहिले दहा बटलर स्कॉलर, वरचे १० टक्के फ्लॉरेन्स अ‍ॅलन स्कॉलर, वरचे २५ टक्के रॉबर्ट मॅके स्कॉलर. जॉर्जटाउनला पदवीच्या वेळी लॅटिन ऑनर्स (वरून खाली सुमा, मॅग्ना आणि नुसतं कम लाउडे): वरच्या १० टक्क्यांना मॅग्ना, वरच्या एक तृतीयांशाला कम लाउडे. हार्वर्डला ए-बी-सी नाहीच: ऑनर्स, पास, लो पास, फेल, आणि वर डीन्स स्कॉलर प्राइझ. आतल्या हिशोबाला डीन्स स्कॉलरचे ५, ऑनर्सचे ४, पासचे ३, लो पासचे २. ४.७५ च्या वर सरासरी गेली तर सुमा, त्यानंतरचे १० टक्के मॅग्ना, त्यानंतरचे ३० टक्के कम लाउडे. यात 'त्यानंतरचे' हा शब्द महत्त्वाचा, कारण सुमावाले त्या १० टक्क्यांत मोजत नाहीत. येलला पहिल्या सत्रात नुसतं क्रेडिट किंवा फेल, पुढे ऑनर्स-पास, आणि रँकही नाही, लॅटिन ऑनर्सही नाही. तरी त्यांच्या मुलांचं काही अडत नाही म्हणा.

त्रिज्या

कलम_बहाद्दर यांनी नियम सांगितले, मी हिशोब मांडतो. लोक इथेच घसरतात.

कोलंबियात ए म्हणजे ४.००, ए-मायनस ३.६७, बी-प्लस ३.३३, बी ३.००. ए-प्लसचे ४.३३. जीपीए काढताना प्रत्येक श्रेणी त्या विषयाच्या क्रेडिटनं गुणायची, बेरीज करायची, आणि श्रेणी मिळालेल्या एकूण क्रेडिट्सनं भागायचं. आता स्टोनचा ३.४१ बघा. समजा एका सत्रात १५ क्रेडिट्स: ४, ४, ४ आणि ३ क्रेडिट्सचे चार विषय. तीन विषयांत बी-प्लस, एकात ए-मायनस.

ए-मायनस ४ क्रेडिटच्या विषयात असेल तर: ४ × ३.६७ + ११ × ३.३३ = ५१.३१, भागिले १५ = ३.४२.
ए-मायनस ३ क्रेडिटच्या विषयात असेल तर: ३ × ३.६७ + १२ × ३.३३ = ५०.९७, भागिले १५ = ३.३९८.

श्रेणी त्याच चार, फक्त जागा बदलली. पहिली सरासरी कटऑफच्या वर, दुसरी खाली. म्हणून अभ्यासाचे तास वाटताना क्रेडिट बघून वाटावेत. सगळ्या विषयांना सारखा वेळ देणं हा आपल्याकडचा संस्कार इथे महागात पडतो.

आता पूर्ण वर्ष, ३० क्रेडिट्स धरा. बाकी सगळे बी-प्लस असतील तर ३.४१ साठी किती क्रेडिट्स ए-मायनस हवीत? ७ क्रेडिट्स धरली तर सरासरी येते ३.४०९३. दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन केलं तर ३.४१, आकडा नुसता कापला तर ३.४०. म्हणजे मान मिळणं न मिळणं पूर्णांकनाच्या नियमावर! ८ क्रेडिट्स असतील तर वादच नाही. रजिस्ट्रारकडे पहिला प्रश्न हाच विचारावा: कटऑफ लावताना किती दशांश स्थळं धरता, आणि पूर्णांकन करता की कापता?

केंटचं गणित अजून कडक. ३० क्रेडिट्समध्ये फक्त ए आणि ए-मायनस असतील तर ३.८० साठी १२ क्रेडिट्स ए हवीत. त्यात ४ क्रेडिटचा एकच बी-प्लस शिरला की १२ च्या जागी १६ क्रेडिट्स ए लागतात. केंट हुकतं ते बहुतेकदा एका मोठ्या विषयातल्या एका बी-प्लसमुळे.

पाटी_पेन्सिल

दोघांचेही आभार, कागद-पेन्सिल घेऊन सगळं ताडून पाहिलं. कॉइफ राहिलं. आणि क्लिनिक (खऱ्या अशिलांची कामं करत शिकणं), जर्नल (स्कूलच्या कायदेविषयक नियतकालिकाचं संपादन), परदेशातलं एक्स्चेंज सत्र यांची क्रेडिट्स जीपीएत धरत नाहीत असं एका माहितीपत्रकात वाचलं. मग ती घेऊन फायदा की तोटा?

गाऊन_आणि_बँड

ऑर्डर ऑफ द कॉइफ हा कुठल्या एका स्कूलचा मान नाही, देशपातळीवरची सभासदसंस्था आहे. १९०२ साली इलिनॉय विद्यापीठात वेगळ्या नावानं सुरू झाली, १९१२ मध्ये हे नाव घेतलं. इंग्लंडमधले जुने सार्जंट-अ‍ॅट-लॉ, म्हणजे वरिष्ठ वकील, डोक्याला जी पांढरी टोपी बांधत, ती म्हणजे कॉइफ. सगळ्या लॉ स्कूलांत शाखा नाही. त्यामुळे 'कॉइफ नाही' याचा अर्थ 'हुशार नाही' असा काढू नये. आधी त्या स्कूलमध्ये शाखा आहे का ते बघावं.

अटी दोन, आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: पदवीधरांच्या वरच्या १० टक्क्यांत असणं, आणि कायद्याच्या अभ्यासक्रमातला किमान ७५ टक्के भाग श्रेणी असलेल्या विषयांत पूर्ण केलेला असणं. ही दुसरी अट बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळते. तोवर उशीर झालेला असतो.

हिशोब करून दाखवतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानं जेडीला किमान ८३ क्रेडिट्स. त्यांचे ७५ टक्के म्हणजे ६२.२५. विनाश्रेणी क्रेडिट्सला उरली २०.७५. आता एखाद्या उत्साही विद्यार्थिनीचं वेळापत्रक बघा: पास-फेल क्लिनिक ७, एक्स्टर्नशिप (बाहेरच्या कार्यालयात काम करून शिकणं) ४, जर्नलची ४, परदेशातलं एक सत्र १२. झाली २७. जीपीए कितीही वर असो, कॉइफ गेलं. यातली एकही गोष्ट वाईट नाही. क्लिनिक तर प्रत्यक्ष वकिली शिकवतं, ते सोडू नकाच. पण एक्स्चेंज आणि मोठं क्लिनिक दोन्ही घ्यायची असतील तर दुसऱ्या वर्षाची नोंदणी करण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा. काही ठिकाणी क्लिनिकला श्रेणीही देतात. मग त्यांची क्रेडिट्स वरच्या खात्यात जातात.

तुमचा दुसरा प्रश्न, फायदा की तोटा. विनाश्रेणी क्रेडिट्स भाजकात येत नाहीत, म्हणून सरासरी वरही जात नाही, खालीही येत नाही. पण भाजक लहान झाला की उरलेल्या प्रत्येक श्रेणीचं वजन वाढतं. ज्याची सरासरी आधीच कटऑफच्या वर आहे त्याला विनाश्रेणी क्रेडिट्स ढालीसारखी. जो खाली आहे त्याला वर चढायची संधी कमी. कोलंबियासारख्या वार्षिक मानाला मात्र त्या वर्षातली किमान १५ श्रेणीयुक्त क्रेडिट्स भरतात का हेही बघायचं. एक सत्र परदेशात आणि दुसऱ्यात मोठं पास-फेल क्लिनिक, असं वर्ष असेल तर ती भरत नाहीत.

ट्रान्सफरचंही सांगून ठेवतो. पहिलं वर्ष एका ठिकाणी करून दुसरीकडे गेलं की सहसा क्रेडिट्स जातात, श्रेणी जात नाहीत. नव्या ठिकाणी जीपीए शून्यापासून सुरू. आधीच्या ठिकाणचा पहिला नंबर तिथेच राहतो. कॉइफच्या ७५ टक्क्यांत जुन्या श्रेणी धरायच्या का हे त्या शाखेला लेखी विचारावं.

मोडीवाचक

शिष्यवृत्तीच्या अटीवर कुणी बोललं नाही अजून, आणि माझ्या मते या धाग्यातला पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

'वरच्या एक तृतीयांशात' ही अट ऐकायला सोपी वाटते, कारण तिथवर पोचलेला प्रत्येक जण आयुष्यभर वरच्या एक तृतीयांशातच असतो. पण तिकडे वर्गातले सगळेच तसे. समजा वर्ग १८० जणांचा. वरचा एक तृतीयांश म्हणजे ६०. आणि स्कूलनं हीच अट घालून ११० जणांना शिष्यवृत्ती दिली असेल, तर किमान ५० जणांची जाणारच, सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी. कर्व्हचा स्वभावच तो.

जीपीएची अटही तशीच फसवी. '३.० राखा' म्हटलं की आपल्याला वाटतं, बी तर मिळवायचा. पण पहिल्या वर्षाची सक्तीची सरासरी २.९ असेल तर ३.० म्हणजे मध्यापेक्षा वर राहणं आलं. वरच्या क्रमवारीतल्या स्कूलांत कर्व्ह सढळ असतो, खाली जाल तसा बऱ्याचदा कडक. त्यामुळे दोन स्कूलांचे जीपीए शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

काय करायचं ते क्रमानं सांगतो. प्रत्येक मान्यताप्राप्त स्कूलला असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या मानकानुसार माहिती जाहीर करावी लागते. स्कूलच्या संकेतस्थळावर ती असते. त्यात सशर्त शिष्यवृत्तीचा तक्ता शोधा: किती जण अशी शिष्यवृत्ती घेऊन आले आणि किती जणांची कमी झाली किंवा गेली, हे गेल्या काही वर्षांचं दिलेलं असतं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. मग विद्यार्थी नियमपुस्तिकेत पहिल्या वर्षाचा कर्व्ह बघा. तिसरं, प्रवेश कार्यालयाला ईमेलनं विचारा की शिष्यवृत्तीवाले सगळे एकाच तुकडीत टाकता की विभागून. एकाच तुकडीत असतील आणि कर्व्ह तुकडीवार असेल, तर ते आपापसातच कापाकापी करणार. आणि शेवटी, सरळ घासाघीस करा: रँकची अट काढून फक्त 'गुड स्टँडिंग' (शिक्षण चालू ठेवण्यापुरती किमान प्रगती) ठेवा म्हणावं. त्यासाठी दुसऱ्या स्कूलचं पत्र दाखवता येतं, आणि तुमच्याकडे तर दोन दणदणीत पत्रं आहेत. विचारल्यानं प्रवेश रद्द होत नाही. उत्तर मात्र लेखी घ्या, फोनवरचं धरू नका.

आणि गेली शिष्यवृत्ती तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पूर्ण फी किती, ते आजच मांडून ठेवा. कर्जाचा आकडा पहिल्या वर्षावरून काढू नका.

अटलांटिकपार

मोडीवाचक, पूर्ण सहमत. एक वेगळा मुद्दा जोडतो. पदवीच्या वेळचं लॅटिन ऑनर्स आणि कॉइफ दिसायला भारी, पण नोकरीच्या बाजारात ते उशिरा येतं. मोठ्या फर्म्सची भरती आता पहिलं वर्ष संपता संपता, काही ठिकाणी त्याही आधी सुरू होते. तेव्हा हातात असतं पहिल्या सत्राचं, फार तर पहिल्या वर्षाचं ट्रान्सक्रिप्ट. फेडरल न्यायाधीशांच्या क्लर्कशिपचं (त्यांच्या हाताखालच्या सहायकाच्या नोकरीचं) थोडं बरं: भरतीचं सामाईक वेळापत्रक पाळणारे न्यायाधीश दुसऱ्या वर्षानंतरच्या जूनपर्यंत थांबतात, म्हणजे चार सत्रांच्या श्रेणी दाखवता येतात. तात्पर्य, तीन वर्षांतलं पहिलं वर्ष बाकीच्या दोघांपेक्षा जड.

रिझ्युमेबद्दल चार गोष्टी, कारण इथे चुका महागात जातात. जीपीए वर ढकलू नये: ३.४०९ चा ३.४१ स्कूलनं केला तरच लिहावा, ३.५ तर नाहीच नाही. रँक न देणाऱ्या स्कूलमध्ये 'वरच्या १५ टक्क्यांत' असा अंदाज स्वतःहून लिहू नये, स्कूलनं अधिकृत कटऑफ जाहीर केला असेल तरच. 'मॅग्ना अपेक्षित' हा प्रकार टाळावा. मे महिन्यात समारंभ होतो तेव्हा शेवटच्या सत्राचा निकाल पुष्कळदा बाकीच असतो, आणि तो आल्यावर यादी बदलू शकते. शिकागोचे १७८-१७९ स्वतः ४.० च्या पट्टीवर उतरवू नयेत. आकडे तसेच लिहून सोबत १८० पासून ए, मध्यक १७७ एवढं दिलं की पुरतं. श्रेणी चुकीची सांगितली तर स्कूलची शिस्तभंगाची कारवाई होतेच, शिवाय वकिलीच्या परवान्याआधी चारित्र्य तपासणी असते, तिथे ते पुन्हा समोर येतं.

नवी_सनद

जरा विषयांतर, पण धागा चांगला चाललाय म्हणून. जेडी नाही, इथून एलएलबी करून एक वर्षाचं एलएलएम करणाऱ्यांना यातलं काय लागू? आणि अर्जात इथली रँक मागतात, ती कॉलेज देत नसेल तर?

अटलांटिकपार

@नवी_सनद, कॉइफ जेडीवाल्यांचं, ते सोडा. कोलंबियाचे केंट आणि स्टोन एलएलएमलाही मिळतात. शिकागोत एलएलएमलाही तीच १५५ ते १८६ ची पट्टी. पण बऱ्याच स्कूलांत एलएलएमच्या विद्यार्थ्यांसाठी कर्व्ह वेगळा असतो किंवा सक्तीचा नसतो, म्हणून कुठल्या विषयात जेडीवाल्यांबरोबर मोजणार हे नोंदणीआधी विचारा. एलएलएमवाल्यांचा मोठा नोकरी मेळावा न्यूयॉर्कला जानेवारीत भरतो, तेव्हा दुसरं सत्र नुकतंच सुरू होत असतं. वार्षिक मान त्या वेळी हातात नसणार.

इथल्या रँकचं म्हणाल तर कॉलेजच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर पत्र घ्या: त्या वर्षी एकूण किती विद्यार्थी होते, तुमचा क्रमांक किती, आणि क्रमांक कॉलेजातला की विद्यापीठातला. क्रमांक देत नसतील तर 'ही संस्था क्रमांक देत नाही' एवढंच पत्रही चालतं. टक्क्यांचा जीपीए स्वतः करून भरू नका. अर्जात मूळ पद्धतीतले गुण मागतात, तेच द्या. जेडीला अर्ज करणाऱ्या परदेशी पदवीधरांचंही तसंच: एलसॅक (लॉ स्कूलच्या अर्जांची कागदपत्रं तपासणारी संस्था) त्यांना जीपीए काढून देत नाही, 'सुपीरिअर', 'अबव्ह अ‍ॅव्हरेज' अशा शब्दांत शेरा देते. मुंबई किंवा पुण्याचे ६२ टक्के तिकडच्या माणसाला कमी वाटतात, हे त्या पत्रातल्या क्रमांकानं सुधारतं.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतणीला धागा पाठवला. तिसऱ्या स्कूलचा ५०९ चा तक्ता काढायला तिनं घेतलाय, आणि तुकडीबद्दलचा ईमेल आज रात्री जाईल. काय उत्तर येतं ते इथे टाकते.

मोडीवाचक

टाका नक्की. उत्तरात नुसतं 'बहुतेक विद्यार्थी शिष्यवृत्ती राखतात' असं आलं, तर आकडा मागा.